पांझरेच्या संगमापासून थाळनेरपर्यंत

खान्देशातल्या बहुतेक माणसांप्रमाणे मीही तापी आजवर पुलावरूनच पाहिली होती. अमळनेरहून चोपड्याला जाताना सावखेड्याचा पूल लागतो, धुळ्याहून शिरपूरला जाताना सावळद्याचा आणि दोंडाईच्याहून शहाद्याला जाताना सारंगखेड्याचा. एस.टी.च्या खिडकीतून नदी दिसली की आई हात जोडायची, आम्हा भावंडांकडूनही जोडून घ्यायची आणि कनवटीचे एखादे नाणे पाण्यात टाकायची. पूल संपला की आमच्यापुरती नदीही संपायची. मुलताईपासून सुरतेच्या पुढे समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर वाहणारी आणि त्यातले २२८ किलोमीटर महाराष्ट्रातून जाणारी ही नदी दोन पुलांच्या मधे कशी असते, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात मी, माझा मामेभाऊ आणि नाशिकचा एक मित्र अशा तिघांनी सावखेड्याच्या पुलापासून प्रकाशा गावापर्यंत तापीच्या काठाने पायी चालायचे ठरवले. सात दिवसांचा बेत होता आणि सहाव्या दिवशी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा गाठायची होती. सातही दिवसांची हकीकत सांगण्याचा विचार नाही. तिसऱ्या दिवसाबद्दलच लिहितो आहे, कारण काठाने चालणे म्हणजे नेमके काय, हे मला त्या दिवशी कळले.

पहिल्या दोन दिवसांत बोरीचा संगम आणि पाडळसरे धरणाचे अनेक वर्षे रेंगाळलेले बांधकाम मागे टाकून आम्ही अमळनेर तालुक्यातल्या निम गावी आलो होतो. मामेभावाच्या सोयऱ्यांच्या खळ्यात रात्री झोपलो. तापीकाठची डिसेंबरची थंडी अंगात शिरते ती पहाटे चारच्या सुमारास. तोवर माणूस निवांत झोपतो आणि मग मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. साडेपाचला घरातल्या आजींनी चुलीवरच्या पाण्याने तोंड धुवायला लावले, आले घातलेला चहा दिला आणि आमच्या सॅक उचलून पाहून विचारले, “एवढं वझं कसाले?” प्रत्येकाच्या पाठीवर अकरा-बारा किलोंचा भार होता. तंबू, पांघरुण, पाणी, औषधे, दोन दिवस पुरेल एवढा शिधा. प्रत्येक वस्तूमागे आमच्याकडे कारण होते, पण ती कारणे आजींसमोर एकेक करून सांगताना मला स्वतःलाच पटेनाशी झाली. शेवटी तंबूच्या दोन जादा काठ्या आणि एक पातेले आम्ही त्यांच्याकडेच ठेवून निघालो.

उजाडता उजाडता संगमावर पोहोचलो. निम आणि मुडावद ही दोन्ही गावे या परिसरातली, आणि पांझरा जिथे तापीला मिळते तिथे कपिलेश्वराचे जुने देवस्थान आहे. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते. त्या दिवशी मात्र आम्ही तिघे, एक पुजारी आणि पाण्यावर तरंगणारे धुके, एवढेच होते. दर्शन घेतले आणि खाली उतरून पांझरेकडे वळलो. बूट काढून गळ्यात अडकवले, काठी हातात घेतली आणि एकामागून एक पाण्यात शिरलो. पाणी गुडघ्यापर्यंतच होते, पण इतके गार की मधल्या वाळूच्या पट्ट्यावर पोहोचेपर्यंत पायांची जाणीवच गेली. तळाची वाळू पायाखालून हळूहळू सरकत होती. नदी ओलांडताना एका जागी थांबायचे नाही, हे मामेभावाने आम्हाला दोनदा बजावले. थांबले की पाय रुततो, मग तोल सावरायला दुसरा पाय घाईने टाकला जातो आणि पाठीवरचे ओझे माणसाला पाडते.

पांझरेबद्दल मला फार आपुलकी आहे. साक्रीच्या डोंगरांतून निघालेली, धुळे शहराच्या मधून वाहत आलेली ही नदी फड पद्धतीच्या सिंचनासाठी ओळखली जाते. नदीवर लहान लहान बंधारे बांधायचे, पाट काढायचे, गावशिवार फडांत वाटून एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे आणि पाणी कोणाला केव्हा हे पाटकऱ्याने ठरवायचे, अशी ही काही शतकांची जुनी व्यवस्था आहे. वरच्या अंगाला इतक्या शहाणपणाने वाटून घेतलेले पाणी उरून इथवर येते आणि तापीत मिसळते, हे पाहताना मी त्या गार पाण्यालाही नावे ठेवली नाहीत.

पलीकडे पाय पुसून बूट चढवताना पहिला प्रश्न उभा राहिला. तापीच्या दक्षिणेकडच्या नद्या लांबच्या असतात. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या सगळ्या अजिंठा-सातमाळा आणि सह्याद्रीच्या बाजूने लांबवरून येतात. उत्तरेकडच्या नद्या सातपुड्यातून उतरतात आणि थोडक्यात तापीला मिळतात. त्यामुळे दक्षिण काठाने जावे तर मोठ्या नद्या आडव्या येतात आणि उत्तर काठाने जावे तर लहान नद्या-नाले अधिक. आमचे असे ठरले होते की पांझरा ओलांडून दक्षिण काठानेच थाळनेरच्या समोर जायचे, तिथे नावेने तापी पार करायची आणि पुढचे सगळे दिवस उत्तर काठाने चालायचे. फोनवरच्या नकाशात काठाने जाणारी एक बारीक पायवाट दिसत होती. त्या रेघेवर आम्ही विश्वास टाकला.

पहिला तासभर वाट खरोखरच छान होती. दोन्ही बाजूंना दादर निसवत होती. आमच्याकडच्या रब्बी ज्वारीला दादर म्हणतात. ती पावसावर नव्हे तर काळ्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते, आणि तिची भाकरी ज्याने खाल्ली त्याला दुसरी ज्वारी गोड लागत नाही. दादरीच्या पानांवरचे दव आमच्या पँटींना लागून मांड्यांपर्यंत कापड भिजले. मधे कपाशीची शेते होती, शेवटच्या वेचणीची. बोंडे थोडी, पण बायका वाकून वाकून तीही वेचत होत्या. एका बांधावर शेळ्या घेऊन बसलेल्या बाबांनी हाक मारली, “कथा चालनात, भाऊ?” प्रकाशाला, असे सांगितल्यावर ते उठूनच उभे राहिले. आम्ही काठाची वाट विचारली तेव्हा त्यांनी हातातली काठी नदीकडे न रोखता उलट दिशेला, शेतांच्या वरच्या बाजूला रोखली. “नदीना काठवर वाट नही शे. नाला आडा येतीन. वरथून जा.”

आम्ही त्यांचे आभार मानले आणि काठाकडेच गेलो. नदीकाठाने चालायचे म्हणून घरून निघालो होतो. नदी सोडून वरून कसे जायचे, असा त्या वेळचा आमचा विचार होता. त्यात बाबांचा अनादर करण्याचा हेतू नव्हता, पण ते जे सांगत होते ते ऐकून घेण्याची आमची तयारीही नव्हती.

नऊच्या सुमारास पहिला मोठा नाला आला. त्याला नाला म्हणणेही अपुरे आहे. सपाट शेतातून आपण चालत असतो, समोर आणखी शेत दिसत असते आणि दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही की मधे जमीन फाटलेली आहे. आम्ही कडेवर उभे राहून खाली पाहिले तर तळ चाळीस फूट तरी खोल होता. डावीकडे त्या घळीला फांद्या फुटत गेल्या होत्या, उजवीकडे ती तापीच्या पात्रात उघडत होती आणि पलीकडची कड हाकेच्या अंतरावर होती. पलीकडे एक माणूस मोटारीचा पाइप खांद्यावर घेऊन चालला होता. तो आमच्याकडे पाहून काहीतरी ओरडला आणि त्यानेही हात वरच्या बाजूलाच केला.

इथे मी चूक केली, आणि ती माझीच होती; मामेभाऊ वळसा घालू या म्हणत होता. एवढ्याशा अंतरासाठी किलोमीटरभर मागे कशाला जायचे, खाली उतरू आणि वर चढू, असे मी म्हणालो. उतरणे सोपे वाटले. शेळ्यांच्या खुरांनी पडलेली एक तिरपी वाट होती, तिच्यावरून बसत-घसरत आम्ही तळाशी पोहोचलो. खाली मात्र वेगळेच जग होते. वारा नव्हता, नदीचा आवाज नव्हता, वर आकाशाची फक्त एक पट्टी. मुख्य घळीला इतक्या उपघळी येऊन मिळत होत्या की वीस पावलांत दिशेचे भान सुटले. नदीच्या तोंडाशी जावे तर तिथे गेल्या पावसाळ्यातला गाळ अजून ओला होता. मित्राचा पाय पोटरीपर्यंत गेला आणि बूट काढायला दोघांना ओढावे लागले. समोरची भिंत चढावी तर हात घातला तिथे मातीचे ढेकूळ सुटून हातात यायचे. एके ठिकाणी मी दोन पुरुष उंच चढलो, तेव्हा पायाखालचा मातीचा कठडा न सांगताच निसटला आणि मी सॅकसकट तळाशी आलो. डाव्या गुडघ्याचे सालटे निघाले, तळहात सोलवटले. सुदैवाने एवढेच झाले. पाठीवर अकरा किलो असताना माणूस पडतो तेव्हा तो एकटा पडत नाही, हे मला त्या दिवशी नीट समजले.

श्वास घेण्यासाठी मी भिंतीला टेकून बसलो आणि बसल्या बसल्या ती भिंत पहिल्यांदा पाहिली. अगदी वर हातभर काळी माती, तीत दादरीच्या मुळांचे पांढरे दोरे. तिच्याखाली पिवळसर, भाजलेल्या हरभऱ्याच्या रंगाची माती, खाली खाली जात राहिलेली. तिच्यात बोटभर अंतरावर पांढरे चुनखडीचे खडे, कुठे चण्याएवढे, कुठे आवळ्याएवढे. मग एकदम नदीतल्या गुळगुळीत गोट्यांचा वीतभर थर, त्यात गोगलगाईचे दोन बारके शंख, नखाने टोकरले तर चुरा होतील असे. पुन्हा पिवळी माती. वरच्या बाजूला ओळीने गोल भोके होती. एकातून चिमणीहून लहान करडा पक्षी सुळकन बाहेर आला आणि आम्हाला पाहून परत आत गेला. त्या गोट्यांच्या थरावर हात ठेवला तेव्हा लक्षात आले की आपण बसलो आहोत ती सगळी जमीन तापीनेच आणून टाकलेली आहे. सातपुडा आणि दक्षिणेकडचे डोंगर यांच्या मधला पट्टा खचून तयार झालेल्या या दरीत नदीने आणि तिच्या उपनद्यांनी लक्षावधी वर्षे गाळ भरला. काही ठिकाणी तो शेकडो फूट खोल आहे. पुढे नदीने त्याच गाळात आपले पात्र खोल कापले. पात्र खोल गेले की काठावर पडणाऱ्या पावसाच्या पाण्याला खाली उडी घ्यावी लागते, आणि मऊ मातीत ती उडी दरवर्षी थोडी मागे सरकते. नाला नदीपाशी सुरू होऊन शेताच्या दिशेने वाढत जातो. म्हणूनच त्याचे टोक नेहमी वर, कोणाच्या तरी पिकात असते, आणि म्हणूनच बाबांची काठी वर रोखलेली होती.

आल्या वाटेने परत चढलो. आधी मामेभाऊ मोकळ्या अंगाने गेला, मग दोर टाकून तिन्ही सॅक वर ओढल्या आणि मागून आम्ही. या सगळ्यात दोन तास गेले. त्यानंतर शेताच्या कडेने नाल्याच्या डोक्याला वळसा घालून पलीकडे पोहोचायला पन्नास मिनिटे लागली.

नाल्याचे डोके ज्यांच्या शेतात होते ते दादा तिथेच भेटले. आमचे कपडे आणि माझा गुडघा पाहिल्यावर काय झाले ते सांगायची गरज उरली नाही. त्यांनी आम्हाला खळ्यावर नेले, मोटारीच्या पाण्याने जखम धुवायला लावली, हळद मागवली. मग ते मला हाताला धरून पुन्हा नाल्याच्या कडेला घेऊन गेले, कारण त्यांना काही दाखवायचे होते. कडेपासून पंधरा-वीस हातांवर हवेत, घळीच्या मधोमध, मातीचा एक सुळका उभा होता आणि त्याच्यावर एक वाळकी बोर. “त्या बोरीखाली माझा बाप जेवायला बसायचा,” ते म्हणाले. बोरीभोवतीची दोन बिघे जमीन त्यांच्या डोळ्यांदेखत नाल्यात गेली होती. सात-बाऱ्यावर ती अजून आहे. त्यांनी कडेने दगडांचा बांध घातला, घायपात लावली, वेडी बाभूळ तोडू दिली नाही. तरी जोराच्या पावसाच्या रात्री ते कंदील घेऊन इथे येऊन उभे राहतात. उभे राहून काही करता येत नाही, हेही त्यांनीच सांगितले. शेजारच्यांनी यंत्र लावून नाले बुजवले आणि सपाट केले, पण पाणी कुठून तरी वाट काढतेच, आणि त्यांनी बुजवल्यापासून या बाजूचा नाला वेगाने वाढतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा राग शेजाऱ्यावर नव्हता. “त्यालेबी पोट शे,” एवढेच ते म्हणाले.

दुपारचे जेवण तिथेच झाले. मावशींनी पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. भरिताची वांगी ती. हिरवी, मोठी, देठाकडे पांढुरकी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ झटकन भडकतो आणि झटकन बसतो, त्यामुळे साल करपते आणि गर ओला राहतो. साल काढून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचली, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ही भाकरी थोडी काळपट, थोडी कडवट असते आणि उन्हात चाललेल्या माणसाला ती तासन्‌तास पुरते. नाशिकच्या मित्राने चार खाल्ल्या. पैशांचा विषयही काढण्याची सोय नव्हती. निघताना दादांनी पुढच्या तीन नाल्यांची डोकी कोणाकोणाच्या शेतात आहेत ते सांगितले आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचे नाव घ्यायचे तेही सांगितले.

दुपारभर आम्ही त्या नावांच्या आधाराने चाललो. हा अनुभव मला नवा होता. सह्याद्रीतल्या गडांच्या वाटा मी बऱ्याच चाललो आहे. तिथे डोंगर कोणाचा नसतो, वाट सगळ्यांची असते. तापीचा काठ मात्र इंच-इंच कोणाचा तरी आहे, कसलेला आहे, राखलेला आहे. तिथे प्रत्येक शेतातून कोणाच्या तरी परवानगीने जावे लागते, गव्हाच्या वाफ्यात पाय पडू न देता बांधावरून चालावे लागते, हरभरा उपटून खाण्याआधी विचारावे लागते. एकाही जागी आम्हाला कोणी अडवले नाही. तिन्ही ठिकाणी पाणी मिळाले, एके ठिकाणी बळेच चहाही झाला. नदी मात्र डोळ्यांआड होती. कधी शेतांच्या पलीकडे झाडांची ओळ दिसे, कधी बगळ्यांची रांग खाली उतरताना दिसे, तेवढ्यावरून ती तिथे आहे हे कळायचे.

तीनच्या सुमारास एका मोटारीच्या वाटेने आम्ही पुन्हा पात्रात उतरलो. काठावरच्या शेतकऱ्याने आपल्या पंपापर्यंत जाण्यासाठी दरडीत खोदलेली ही वाट असते, पाइपाच्या कडेकडेने जाणारी, पायऱ्या पाडलेली. तापीवर खाली जाण्याची खरी दारे हीच. उतरताना पायऱ्या मोजल्या, साठाच्या वर भरल्या. एवढ्या उंचीवर पाणी चढवायला लागणारी वीज, पाइप, राखण, मोटार चोरीला जाण्याची धास्ती, हे सगळे मोजले म्हणजे नदीकाठचा शेतकरी पाण्याच्या बाबतीत सुखी असतो ही आमची समजूत किती वरवरची होती, ते उमगते.

खाली वाळू होती आणि जवळजवळ दोन किलोमीटर आम्ही पाण्याच्या कडेने सरळ चाललो. दिवसातले सर्वांत सुंदर चालणे ते. ओल्या वाळूवर टिटव्यांच्या आणि धोबी पक्ष्यांच्या पायांचे ठसे, मधून कोल्ह्याची एक सरळ रांग. पलीकडच्या उथळ पाण्यात चक्रवाकांची जोडी होती, विटकरी रंगाची. हिमालयापलीकडून हिवाळ्यासाठी आलेले हे पक्षी एकमेकांना साद घालत होते आणि तो आवाज पाण्यावरून फार लांबवर जात होता. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत हवेत थांबायचा आणि दगडासारखा पाण्यात पडायचा. त्यानंतर मात्र वाळू उपशाचे खड्डे लागले. डबर काढल्यासारखे पात्र खणलेले, ट्रॅक्टरच्या चाकांच्या चाऱ्या, खड्ड्यांत हिरवट साचलेले पाणी. वाळू गेली की नदीचा तळ खोल जातो, आणि तळ खोल गेला की काठावरच्या त्या नाल्यांची उडी आणखी खोल होते. सकाळी ती वाळकी बोर पाहिली नसती तर हे खड्डे मला केवळ कुरूप वाटले असते. आता ते पाहताना पोटात तुटले.

थाळनेरच्या समोर आलो तेव्हा साडेचार झाले होते. एक भोईदादा जाळे आवरून नाव ओढत होते. त्यांना विनंती केली, त्यांनी आमच्याकडे, मग सॅककडे पाहिले आणि एका वेळी दोघेच बसा म्हणाले. मी आणि मित्र पहिल्या खेपेला बसलो. वल्ह्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हते. बांबू टेकवत ते पाण्याची खोली सांगत होते, इथे दोन पुरुष, इथे त्याहून जास्त, इथे खडक. नदीच्या मधोमध आल्यावर मी मागे वळून दक्षिण काठाकडे पाहिले. दिवसभर ज्यांनी आम्हाला घुमवले ते सगळे नाले आता समोर उघडे होते. उंच पिवळ्या दरडीत एकापाठोपाठ एक उभ्या चिरा, आणि दोन चिरांच्या मधे वर, अगदी कडेपर्यंत आलेली हिरवी शेते. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. पलीकडे उतरल्यावर पैसे देऊ लागलो तर ते म्हणाले, “तापीमायवर चालनारासना आमी पैसा लेतस नही.” ते मामेभावाला आणायला परत वळले आणि मी काठावर उभा राहून आई जोडायची तसे हात जोडले, नदीला की त्यांना, हे मला सांगता येणार नाही.

थाळनेरचा किल्ला नदीच्या ऐन काठावर मातीच्या उंचवट्यावर होता. आता तटा-बुरुजांचे थोडेच अवशेष उरले आहेत. या गावातून खान्देशाचा कारभार चालला, हे आज पाहून खरे वाटत नाही. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला ही जहागीर दिली, १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्र झाला आणि फारुकी घराणे सुरू झाले. पुढे त्याच्या मुलाने असीरगड घेतला, तापीवरच वरच्या अंगाला बुऱ्हाणपूर वसवले आणि सत्ता तिकडे गेली. पण घराण्याचे सुरुवातीचे राजे थाळनेरातच पुरले आहेत. त्या कबरींच्या दगडी घुमटांपाशी आम्ही मावळतीच्या उजेडात पोहोचलो. त्यांतल्या अष्टकोनी इमारतीच्या भिंतींवरची नक्षी मी हाताने चाचपून पाहिली. दगड अजून दुपारच्या उन्हाने कोमट होता. २७ फेब्रुवारी १८१८ या दिवशी याच किल्ल्यावर सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेने हल्ला केला. होळकरांशी झालेल्या तहाने किल्ला इंग्रजांना द्यायचा होता, किल्लेदाराने तो दिला नाही, दारात झालेल्या गोंधळात इंग्रज अधिकारी मारले गेले आणि मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली, किल्लेदाराला फाशी दिले. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ही हकीकत काल घडल्यासारखी सांगितली आणि त्याच दमात, तेवढ्याच अभिमानाने, लता मंगेशकरांचे आजोळ याच गावचे, हेही सांगितले.

रात्री त्याच गृहस्थांच्या ओळखीने मंदिराच्या सभामंडपात मुक्काम मिळाला. फोनने दिवसाचे एकोणीस किलोमीटर दाखवले. नदीच्या हिशेबाने आम्ही त्याच्या निम्मेही पुढे सरकलो नव्हतो. गुडघा ठणकत होता. मी नकाशा उघडून उद्याची काठावरची रेघ पाहत होतो, तेव्हा ते गृहस्थ जवळ येऊन बसले, नकाशा त्यांनी बाजूला सारला आणि फरशीवर बोटाने तापी काढली. मग तिच्यापासून वर, एकेक करून, नाले काढत गेले. सावळद्याच्या पुलापर्यंत पाच मोठे, अरुणावती वेगळी, बारके मोजू नका, असे म्हणाले. मी वही काढली आणि ते सांगत गेले तसे प्रत्येक नाल्याच्या डोक्याशी कोणाचे शेत आहे ते लिहून घेतले.